दुसरं कोरियन युद्ध कागदावर कसं लढवायचं: जर-तरच्या कादंबरीची पूर्वतयारी

पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? हा विषय कट्ट्यावर निघाला की पाच मिनिटांत दिल्ली सर होते आणि इंग्रज जहाजात बसून परत जातात. गप्पांपुरतं ठीक आहे. कादंबरी त्यावर उभी राहत नाही, कारण मधले बैल, दाणागोटा, सावकाराचं देणं आणि शत्रूची अक्कल, हे सगळं आपण गाळलेलं असतं.

दुभंगलेल्या देशाचे दोन तुकडे एकीकरणासाठी दुसऱ्यांदा भिडले, असा पर्यायी इतिहास लिहायचा असेल तर नेमकं हेच गाळलेलं भरून काढावं लागतं. उदाहरणाला कोरिया घेतो. २५ जून १९५० ला पेटलेलं तिथलं युद्ध २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधीवर थांबलं. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. त्यामुळे ‘दुसरं युद्ध’ हा शब्दही कायद्याच्या कसोटीवर जरा डगमगतोच.

आधी ‘का झालं नाही’ ते लिहा

बहुतेक जण ‘युद्ध कसं सुरू होईल’ इथून सुरुवात करतात. मीही केली होती, आणि चाळीस पानं फुकट गेली. उलट बाजूने या. इतक्या वर्षांत इतके प्रसंग येऊनही दुसरं युद्ध का पेटलं नाही? दाराला किती अडसर होते? एका कागदावर त्यांची यादी करा. तीच तुमच्या कादंबरीची खरी संहिता.

पहिला अडसर दक्षिणेकडचा. अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना शस्त्रसंधी नकोच होती, दक्षिणेने तिच्यावर सहीही केली नाही. पण जुलै १९५० पासून दक्षिणेच्या फौजेचं युद्धसंचालन संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीकडे, म्हणजे अमेरिकी जनरलकडे होतं. अमेरिकेने ऑक्टोबर १९५३ मध्ये संरक्षण करार दिला, पण लगाम हातातच ठेवला.

दुसरा उत्तरेकडचा. चीनच्या फौजा १९५८ पर्यंत परत गेल्या. जुलै १९६१ मध्ये उत्तरेचे नेते किम इल-सुंग यांनी पाच दिवसांच्या अंतराने आधी मॉस्कोशी आणि मग बीजिंगशी करार केले. दोन्हींचा अर्थ एकच: तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही येऊ. तुम्ही हल्ला केलात तर काय, हे सोयीस्करपणे मोघम.

तिसरा अडसर सोलच्या वाटेवर बसलेला. अमेरिकेच्या दोन डिव्हिजन, आणि १९५८ पासून दक्षिणेत ठेवलेली अण्वस्त्रं. १९६० च्या दशकात त्यांची संख्या शेकड्यांत होती. तुमच्या कथेत कुणीच अण्वस्त्रांचं नाव काढत नसेल तर ती कथा कोरियात घडत नाही. ती वापरा असं म्हणत नाही. पण ‘वापरायची नाहीत’ हा निर्णय कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, घाम पुसत घेतलेला दिसला पाहिजे.

फाटा कुठे फोडायचा

एसटीच्या रस्त्यावर जसा फाटा असतो तसाच हा. खांबापर्यंत रस्ता एकच, पुढे दोन. खांबापर्यंतचं सगळं खरं हवं.

कोरियात असे खांब भरपूर आहेत. एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन पडायच्या बेतात असताना किम बीजिंगला गेले आणि पाठिंब्याविना परतले. १८ ऑगस्ट १९७६ ला दोन्ही कोरियांच्या हद्दीवरच्या पानमुनजोममध्ये पॉप्लरच्या झाडाच्या फांद्या छाटण्यावरून दोन अमेरिकी अधिकारी कुऱ्हाडीने मारले गेले. तीन दिवसांनी बी-५२ बॉम्बफेकी विमानं घिरट्या घालत असताना अमेरिकी जवानांनी ते झाड तोडलं. यावर दीर्घकथा होईल, कादंबरी नाही. १९८३ मध्ये रंगूनला बॉम्ब फुटला तेव्हा दक्षिणेचे अध्यक्ष चुन डू-ह्वान काही मिनिटं उशिरा पोचत होते म्हणून वाचले. जून १९९४ मध्ये उत्तरेतल्या योंगब्यॉनच्या अणुभट्टीवर हल्ल्याचा विचार वॉशिंग्टनमध्ये चालू असताना अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला पोचले. १९९४ सगळ्यांनाच खुणावतं. माझं मत विचाराल तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथे पात्रांपेक्षा क्षेपणास्त्रंच जास्त बोलतात.

मी जानेवारी १९६८ निवडतो. १७ जानेवारीच्या रात्री उत्तरेच्या १२४ व्या तुकडीचे ३१ कमांडो कुंपण कापून दक्षिणेत घुसले. काम एकच: ब्लू हाउसमध्ये, म्हणजे सोलमधल्या अध्यक्षांच्या निवासस्थानात, शिरून अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना मारणं. १९ तारखेला डोंगरात लाकूड तोडणारे चार भाऊ त्यांच्यासमोर आले. मारायचं की सोडायचं यावर पथकात वाद झाला. जमीन गोठलेली, प्रेतं पुरणार कुठे, हाही मुद्दा निघाला म्हणतात. शेवटी साम्यवादावर व्याख्यान आणि दमदाटी करून त्यांना सोडलं. भावांनी थेट पोलिसांना गाठलं. २१ च्या रात्री ब्लू हाउस काही शे मीटरवर असताना पोलिसप्रमुख चोई ग्यू-शिक यांनी पथकाला हटकलं. ते त्यात मारले गेले, पण हल्ला फसला. कमांडोंपैकी एक पकडला गेला, एक परत गेला, बाकीचे मेले.

आता फाटा. कमांडोंना अधिक शूर करू नका, पोलिसांना झोपवू नका. त्या दिवशी चार भावांना लाकूड दुसऱ्या उतारावर चांगलं मिळालं, एवढंच करा. लेखकाला हाताने फक्त एक गोष्ट बदलायची मुभा आहे, आणि ती जितकी क्षुल्लक तितकी वाचकाची पाठ सरळ होते.

दिनदर्शिका भिंतीवर लावा

१९६८ चं कॅलेंडर घ्या आणि खऱ्या तारखा निळ्या शाईने लिहा. ५ जानेवारी: प्रागमध्ये सुधारणावादी दुबचेक चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख. २१ जानेवारी: ब्लू हाउस, त्याच दिवशी व्हिएतनाममध्ये खे सानचा वेढा सुरू, आणि त्याच दिवशी अण्वस्त्रं घेऊन निघालेलं अमेरिकी बी-५२ ग्रीनलंडमध्ये कोसळलेलं. (ही तारीख कल्पनेतून रचली असती तर संपादकाने ‘जरा अति होतंय’ म्हणून खोडली असती.) २३ जानेवारी: अमेरिकेचं हेरजहाज पुएब्लो उत्तरेने पकडलं. ३० आणि ३१: व्हिएतनाममध्ये टेटचा, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणातला, कम्युनिस्टांचा मोठा हल्ला. फेब्रुवारीच्या मध्याला अमेरिकेचे दूत सायरस व्हान्स सोलमध्ये, पार्क यांना आवरायला.

मग लाल शाईने तुमच्या तारखा. लाल तारीख लिहिली की प्रत्येक निळ्या तारखेला एकच प्रश्न विचारा: ही आता घडेल का? टेट घडेलच, हुकूम आधीच सुटलेत. दुबचेकला सोलशी देणंघेणं नाही. पुएब्लोपाशी मात्र थांबा.

खऱ्या इतिहासात ब्लू हाउसवरच्या हल्ल्याची खबर त्या जहाजाला कुणी दिलीच नव्हती. ते निवांत किनाऱ्याजवळ घुटमळत राहिलं. पण पार्क खरोखर मारले गेले असते तर ती बातमी जगभर पसरली असती, आणि पुएब्लोला बहुधा खोल समुद्रात बोलावून घेतलं असतं. म्हणजे ८२ खलाशी ओलीस नाहीत. आणि प्रत्यक्षात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी हात आवरला त्याचं एक मोठं कारण हे ओलीसच होते! चार लाकूडतोड्यांनी उतार बदलला आणि तुमच्या यादीत नसलेला एक अडसर आपोआप निखळला. मेजावर बसून असं काही हाती लागतं तेव्हा समजावं की फाटा बरोबर जागी फुटलाय.

उरलेले अडसर स्वतः मोडू नका, मोडू द्या

पार्क नाहीत, मग कोण? १९६२ च्या राज्यघटनेप्रमाणे कारभार पंतप्रधानाकडे जातो. पंतप्रधान होते चुंग इल-क्वॉन, पहिल्या युद्धाच्या पहिल्या वर्षातले दक्षिणेचे लष्करप्रमुख. कल्पनेतला जनरल गढायची गरजच नाही. खुर्ची कच्ची असलेल्या हंगामी अध्यक्षाला सर्वांत जास्त भीती कशाची असते? मवाळ दिसण्याची.

सोलमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सेनापती होते चार्ल्स बोनस्टील. वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री होते डीन रस्क. ऑगस्ट १९४५ मध्ये एका रात्री, हाताशी अर्धा तास आणि मासिकातला नकाशा एवढंच असताना, अडतिसाव्या अक्षांशावर बोट ठेवून कोरिया दुभंगणारे दोन कर्नल हेच. तेवीस वर्षांनी एकाच्या हातात त्या रेषेवरची फौज, दुसऱ्याच्या हातात परराष्ट्र खातं. यांच्यातला एक फोन लिहायला मिळावा म्हणून तरी १९६८ निवडावं.

दक्षिणेच्या दोन डिव्हिजन आणि एक नौसैनिक ब्रिगेड व्हिएतनाममध्ये होती, सगळे मिळून सुमारे ५०,०००. चुंग त्यांना परत मागणार. ऐन टेटमध्ये ती फळी रिकामी करायची की सोलला नाही म्हणायचं? जॉन्सन यांच्यासमोर दोन्ही उत्तरं वाईट ठेवा. एक जरी सोयीचं निघालं तर दृश्य पडलं.

उत्तरेचं गणित वेगळं आहे. पार्क गेले की दक्षिणेत जनता उठाव करील, हा किम यांचा हिशेब. खऱ्या इतिहासात १९६८ च्या ऑक्टोबर अखेरीपासून १२० कमांडो पूर्व किनाऱ्यावर उल्जिन आणि सामचॉक भागात उतरले, खेडुतांना जमवून भाषणं दिली. कुणी उठलं नाही. तुमच्या कथेत हीच पथकं फेब्रुवारीत उतरवा, पण उठाव करवू नका. लेखकाचं मन उत्तरेकडे झुको की दक्षिणेकडे, खेडूत तेच आहेत.

मॉस्कोला प्रागची चिंता. बीजिंगमध्ये सांस्कृतिक क्रांती, रेड गार्ड किम यांना ‘जाडा दुरुस्तीवादी’ म्हणून हिणवताहेत. दोघांनाही हे युद्ध नको, आणि दोघांनाही दुसऱ्याने किमला वाचवलेलं चालणार नाही. तुमच्या युद्धात चीन उतरणार असेल तर प्रेमापोटी उतरत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

जमीन, बर्फ, रूळ, तोफा

इथे रमायला हरकत नाही. वाचक चूक पकडतात ती इथेच.

शस्त्रसंधीचा पट्टा चार किलोमीटर रुंद. सोल त्यापासून साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या सीएसएमटीपासून कल्याण. उत्तरेकडून रस्ते मोजकेच: केसाँगहून मुनसानमार्गे, चॉरवनहून उइजाँगबूमार्गे, आणि लांबचा पूर्व किनारा. मधे डोंगर. जानेवारीत इमजिन नदी गोठते, कमांडो बर्फावरूनच चालत आले. गोठलेली भातखाचरं रणगाडा पेलतात, मार्च उजाडला की तीच त्याला गिळतात. जूनअखेरीस पावसाळा. म्हणजे फेब्रुवारीत पेटलेलं युद्ध आठ आठवड्यांत निकाली निघालं नाही तर चिखलात रुतणार, हे सेनापतींनाही ठाऊक आहे. त्यांची घाई त्यातून येऊ द्या.

रूळ बघा. कोरिया आणि चीन यांचा रेल्वेमार्ग एकाच मापाचा, १,४३५ मिलिमीटर. सोव्हिएत रूळ त्याहून रुंद. मॉस्कोहून आलेला दारूगोळा सीमेवर एका वाघिणीतून दुसरीत हलवावा लागतो, नाहीतर चीनमधून आणावा लागतो, आणि चीनमध्ये त्या वर्षी गाड्या वेळेवर धावतील याची हमी कुणी देत नव्हतं. ‘रशियाने मदत पाठवली’ या तीन शब्दांत असे पंधरा दिवस दडलेले असतात.

तोफांचं मात्र जपून. माझ्या पहिल्या खर्ड्यात उत्तरेने पहिल्याच रात्री आपल्या हद्दीतून मध्य सोलवर गोळे टाकले होते. एका निवृत्त तोफखाना अधिकाऱ्याने पान परत दिलं आणि विचारलं, ‘कुठल्या तोफेने?’ त्या काळच्या १३० मिलिमीटर एम-४६ चा पल्ला सुमारे २७ किलोमीटर. सोलला हद्दीपलीकडून ओलीस धरणाऱ्या लांब पल्ल्याच्या १७० मिलिमीटर तोफा जगाला दिसल्या १९७८ मध्ये. आजच्या बातम्यांतला कोरिया नकळत १९६८ मध्ये शिरतो तो असा.

आणि पूल. २८ जून १९५० ला पहाटे दक्षिणेच्याच लष्कराने हान नदीवरचा पूल उडवला, वर माणसं असताना. १९६८ मधल्या सोलच्या प्रत्येक प्रौढ माणसाला ते आठवतंय. म्हणून पहिली अफवा उठताच शहर पुलाकडे धावणार, सरकारने कितीही ‘घरीच थांबा’ सांगितलं तरी. १९५० मध्येही रेडिओने धीरच दिला होता. सोल ते बुसान द्रुतगती मार्गाचं काम सुरू झालं १ फेब्रुवारी १९६८ ला. तुमच्या जगात तो समारंभ होणार नाही. जुना रस्ता आणि रेल्वे, बस्स.

शहर त्या वर्षाचं हवं

जानेवारी १९६८ च्या सोलमध्ये ट्राम धावते (नोव्हेंबरअखेर बंद झाली). रात्री बारा ते पहाटे चार संचारबंदी. घराची जमीन खालून तापवायला दंडगोल कोळशाच्या विटा, आणि त्यांच्या विषारी धुराने झोपेत मरणारी माणसं. चौकातला ॲडमिरल यी सुन-शिन यांचा पुतळा अजून बसलेला नाही, तो एप्रिलचा. नदीच्या दक्षिणेला गंगनाम म्हणजे शेतं आणि फळबागा. प्योंगयांगमध्ये मेट्रो नाही, किम यांचा तो अवाढव्य पुतळाही नाही, दोन्ही १९७० च्या दशकातले.

बोलण्यात दोन्हीकडची माणसं ‘उत्तर कोरिया’, ‘दक्षिण कोरिया’ म्हणत नाहीत. दक्षिणेचा माणूस आपल्या देशाला हानगुक म्हणतो, उत्तरेचा जोसॉन. दक्षिणेत त्या काळी उत्तरेच्या सरकारला ‘बुक्ग्वे’ म्हणत, म्हणजे उत्तरेचं कळसूत्री बाहुलं. पहिलं युद्ध दक्षिणेत तारखेच्या आकड्यांवरून ‘सहा-दोन-पाच’, उत्तरेत ‘पितृभूमी मुक्तियुद्ध’. आडनाव आधी येतं, आणि लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. किम आडनावाच्या नवऱ्याची बायको ‘मिसेस किम’ केलीत की संपलं.

आपलं माणूस तिथे होतं

मराठी लेखकाने कोरियन आजीच्या मनात शिरायलाच हवं असं नाही. एक खरं दार उघडं आहे. १९५३ च्या सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांवर भारतीय फौजेचा पहारा होता. प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आणि कैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. ऱ्ही यांनी भारतीय जवानांना दक्षिणेच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, जहाजावरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट पट्ट्यात उतरवावं लागलं. शेवटी ८८ कैदी दोन्ही बाजू नाकारून भारतात आले.

तुमचा निवेदक असा एखादा निवृत्त हवालदार असू शकतो. १९६८ मध्ये गावी रेडिओला कान लावून बसलेला, आणि गावठाणात एकट्यालाच पानमुनजोम कुठे आहे हे माहीत असलेला. दिल्लीच्या हातात मात्र फार काही देऊ नका. ऑक्टोबर १९५० मध्ये चीन युद्धात उतरेल हा इशारा चाऊ एन-लाय यांनी आपले राजदूत पणिक्कर यांच्यामार्फत दिला होता आणि अमेरिकेने तो मनावर घेतला नव्हता. १९६८ मध्ये ती वाटही बंद. १९६२ नंतर बीजिंगमध्ये आपला राजदूत नव्हता, तो पुन्हा गेला १९७६ मध्ये. दोन्ही कोरियांशी पूर्ण राजनैतिक संबंध जुळले तेही १९७३ ला.

जिंकल्यानंतरचा सोमवार

एकीकरणाचा झेंडा फडकला की पुष्कळ जण ‘समाप्त’ लिहितात. माझ्या मते खरी कादंबरी तिथून सुरू होते, आणि तिला नमुनाही आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये दक्षिणेच्या फौजा प्योंगयांगमध्ये होत्या. पण संयुक्त राष्ट्रांनी ऱ्ही यांचा अधिकार अडतिसाव्या अक्षांशापलीकडे मानला नाही. जिंकलेल्या गावात हुकूम कुणाचा, यावरच वाद.

दक्षिण जिंकली असं धरा. सोलमध्ये उत्तरेच्या पाच प्रांतांसाठी नेमलेले, हाती एक वीतभर जमीन नसलेले राज्यपाल आजही आहेत. त्यांना आगगाडीत बसवा. त्याच गाडीत जुने जमीनदार असतील, पेटीत खरेदीखतं जपून ठेवलेले. उत्तरेत मार्च १९४६ मध्ये सुमारे बारा एकरांवरच्या जमिनी काढून कुळांना वाटल्या गेल्या होत्या. बावीस वर्षं कसलेलं शेत कोण सोडेल? कूळकायद्याचे खटले ज्यांच्या घरात झालेत त्यांना हे प्रकरण लिहायला कोरियन यायची गरज नाही.

सूडही गाळू नका. १९५० मध्ये दोन्ही बाजूंनी याद्या करून माणसं मारली. दक्षिणेत सरकारनेच ‘सुधारण्यासाठी’ नोंदवून घेतलेल्या डाव्या लोकांना युद्ध सुरू होताच हजारोंनी संपवलं. दुसऱ्या युद्धात याद्या जास्त लांब असणार. त्या युद्धात ताटातूट झालेले नातलग शोधणाऱ्या १,३०,००० हून अधिक लोकांनी पुढे दक्षिणेत नावं नोंदवली, त्यातले बहुतेक भेट न होताच गेले. नकाशावर बाण काढताना हात जरा जड पडू द्या.

छापायला देण्याआधी

खर्डा तिघांना वाचायला द्या. लष्करातून निवृत्त झालेला एक, रेल्वेत काम केलेला एक, आणि इतिहासात अजिबात रस नसलेला एक. पहिला तोफा तपासेल, दुसरा वाघिणी. तिसऱ्याने मधेच ‘मग चीन काय करत होता?’ विचारलं तर त्या पानावर खूण करा, तिथे तुम्ही काहीतरी चोरून पळालात. तपशिलांची गर्दी झाली असेल तर कापा. मी कॅलेंडरवरच्या निळ्या तारखांपैकी निम्म्या कादंबरीत वापरतच नाही, त्या फक्त मला माहीत असाव्या लागतात.

राहता राहिले ते चार भाऊ. आपल्या जगात त्यांनी अध्यक्षाचा जीव वाचवला. तुमच्या जगात त्यांच्याकडे कुणी विचारपूस करायलाही येणार नाही. लाकडाची मोळी घेऊन ते घरी गेले आणि दोन दिवसांनी रेडिओवर बातमी ऐकली. त्यांना एक प्रकरण द्याच. ते पहिलं ठेवायचं की शेवटचं, यावर माझा स्वतःचा खर्डा गेल्या दिवाळीपासून अडलेला आहे.